स्पार्टाकसच्या आधीचा राजा : सिसिलीतील गुलामांचे राज्य

रोमन साम्राज्याला हादरवणारा गुलामांचा उठाव म्हटला की स्पार्टाकसचे नाव ओठांवर येते. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ येथील आखाड्यातून निसटलेल्या या ग्लॅडिएटरने दोन वर्षे रोमन सैन्याला सळो की पळो करून सोडले. पुढे १९६० साली स्टॅन्ली क्युब्रिकच्या चित्रपटाने त्याची कथा जगभर पोहोचवली. परंतु त्याच्याही सुमारे साठ वर्षे आधी भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर गुलामांनी त्याहून वेगळे असे काही करून दाखवले होते. स्पार्टाकसचे सैन्य इटलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिले. सिसिलीच्या गुलामांनी मात्र शहरे ताब्यात घेतली, राजा निवडला, सल्लागार नेमले, स्वतःची नाणी पाडली आणि तीन वर्षांच्या आसपास राज्य चालवले. रोमन इतिहासात 'पहिले गुलामयुद्ध' या नावाने ओळखला जाणारा हा संघर्ष इ.स.पू. १३५ च्या सुमारास सुरू झाला आणि इ.स.पू. १३२ मध्ये संपला.

हा उठाव म्हणजे केवळ सूडाचा उद्रेक होता काय, हा प्रश्न इतिहासकारांना दीर्घकाळ पडत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना एक अडचण येते. गुलामांपैकी कोणीही लिहून ठेवलेला एक शब्दही आज उपलब्ध नाही. आहे ती माहिती मालकवर्गाच्या बाजूने लिहिणाऱ्यांची. तरीही त्याच माहितीत असे काही तपशील शिल्लक राहिले आहेत, की ज्यांवरून या बंडखोरांना उद्ध्वस्त करायचे नव्हते, तर जगायचे होते, हे ध्यानात येते.

माणसांचा बाजार

इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमने भूमध्य समुद्राभोवतीची एकेक सत्ता मोडीत काढली. प्रत्येक विजयाबरोबर युद्धकैद्यांचे तांडे बाजारात येत. इ.स.पू. १६७ मध्ये रोमन सेनापती एमिलिअस पॉलस याने ग्रीसच्या वायव्येकडील एपायरस प्रदेशातील ७० वस्त्या लुटल्या आणि दीड लाख माणसे गुलाम म्हणून नेली. इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज पडले, तेव्हा शरण आलेल्या सुमारे ५० हजार लोकांच्या वाट्याला हेच आले. त्याच वर्षी ग्रीसमधील कॉरिंथ शहर जमीनदोस्त झाले.

युद्धांखेरीज दुसरा मोठा स्रोत होता चाचेगिरीचा. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरील सिलिशियाचे चाचे सीरिया आणि आसपासच्या मुलखातून माणसे पळवीत. तेथील सेल्युसिड राजघराण्यात भाऊबंदकी माजली होती आणि किनाऱ्याचे रक्षण करणारे कोणी उरले नव्हते. पळवलेली माणसे एजियन समुद्रातील डिलॉस बेटावर विकली जात. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो, की या बाजारात एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवण्याची आणि विकून रवाना करण्याची क्षमता होती. हा आकडा काहीसा फुगवलेला असला, तरी व्यापाराचा आवाका त्यावरून कळतो.

या साऱ्या गुलामांचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे सिसिली. इ.स.पू. २४१ मध्ये कार्थेजकडून जिंकून घेतलेले हे बेट रोमचा पहिला परप्रांत होते. तेथील गव्हाचा दशांश कर म्हणून रोमला जाई. बेटावरील विस्तीर्ण शेते आणि कुरणे रोमन धनिकांच्या व स्थानिक ग्रीक जमीनदारांच्या हाती होती. गुलाम स्वस्त झाले, तसे त्यांना जपण्याचे कारणही उरले नाही. मेला तर दुसरा विकत घेता येत होता.

उघड्या गुलामांचा मालक

या घटनांचा मुख्य वृत्तांत देणारा इतिहासकार डायोडोरस हा स्वतः सिसिलीचा रहिवासी. एन्नापासून फार दूर नसलेल्या अजिरिअम या गावी त्याचा जन्म झाला होता. त्याने वर्णन केल्यानुसार, नव्याने आणलेल्या गुलामांच्या अंगावर डागणी देऊन खुणा केल्या जात. शेतावरील अनेकांच्या पायांत बेड्या असत. गुराख्यांची व मेंढपाळांची गोष्ट निराळी होती. त्यांना कुरणांवर मोकळे सोडलेले असे, परंतु पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र देण्याची जबाबदारी मालक घेत नसत. त्यांनी वाटसरूंना लुटून आपले भागवावे, अशीच जणू व्यवस्था होती. लांडग्यांची आणि रानडुकरांची कातडी पांघरलेले, हाती सोटे आणि भाले घेतलेले, दांडगी कुत्री बाळगणारे हे गुराखी रस्तोरस्ती दरोडे घालू लागले. प्रांताचे रोमन अधिकारी मालकांच्या वजनापुढे दबलेले असल्याने त्यांना हात लावत नव्हते. मालकांनी चार पैसे वाचवण्यासाठी स्वतःच्या नाकासमोर एक सशस्त्र, काटक आणि डोंगरवाटांची खडान्‌खडा माहिती असलेली फौज उभी केली होती, असेच म्हणावे लागेल.

या मालकांमध्ये एन्ना येथील डॅमोफिलस हा विशेष कुप्रसिद्ध होता. एन्ना हे बेटाच्या जवळजवळ मध्यभागी, उंच डोंगरमाथ्यावर वसलेले शहर. डॅमोफिलस रोमन नव्हता, तेथीलच श्रीमंत ग्रीक जमीनदार होता. उंची घोडे जुंपलेल्या चारचाकी गाड्यांतून, हत्यारी नोकरांचा ताफा घेऊन तो आपल्या जमिनींवर मिरवत असे. एकदा काही उघडे गुलाम त्याच्याकडे कपडे मागावयास आले. रस्त्याने जाणारे प्रवासी काय उघडे फिरतात, कपडे हवे असणाऱ्यांची त्यांच्याकडून सोय होत नाही काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले, त्यांना खांबांना बांधून फटके मारले आणि हाकलून लावले. त्याची पत्नी मेगॅलिस घरातील दासींच्या बाबतीत पतीच्याही वरचढ होती. या दोघांच्या गुलामांनीच अखेर पहिले पाऊल उचलले.

भविष्य सांगणारा सीरियन

कट करणाऱ्यांना देवाचा कौल हवा होता. त्यासाठी ते यूनस नावाच्या गुलामाकडे गेले. हा एन्नातीलच अँटिजिनीज नावाच्या मालकाच्या घरी होता. तो मूळचा सीरियातील अपामिया शहराचा. आपल्या देशातील महादेवी अतारगातिस आपल्याला दर्शन देते, भविष्य सांगते, असा त्याचा दावा होता. तो तोंडातून ज्वाळा काढून दाखवत असे. दोन्ही बाजूंनी भोके पाडलेल्या अक्रोडासारख्या फळाच्या कवचात निखारा आणि ज्वलनशील पदार्थ ठेवून तो हा प्रयोग करतो, असे स्पष्टीकरण डायोडोरस देतो.

देवीने आपल्याला राजा होण्याचे वरदान दिले आहे, असे यूनस उघडपणे सांगे. मालकाला याची मोठी गंमत वाटे. अँटिजिनीज त्याला मेजवानीच्या वेळी पाहुण्यांसमोर बोलावी आणि राजा झाल्यावर तू यांच्यापैकी कोणाला कसे वागवशील, असे विचारी. यूनस गंभीरपणे उत्तरे देई. पाहुणे हसत, ताटातील मांसाचे तुकडे त्याला देत आणि राज्य मिळाले की या उपकाराची आठवण ठेव, असे थट्टेने बजावत. पुढे तो खरोखरच राजा झाला, तेव्हा या पाहुण्यांना त्याने जीवदान दिले, असे डायोडोरस नमूद करतो.

डॅमोफिलसच्या गुलामांनी यूनसला विचारले, की आमच्या मनातील बेताला देवांची संमती आहे काय? संमती आहे, मात्र ताबडतोब कामाला लागा, असा कौल त्याने दिला. सुमारे चारशे गुलाम शहराबाहेरील शेतात जमले. रात्री शपथा झाल्या, यज्ञबळी दिले गेले आणि मध्यरात्रीच्या सुमारास ते एन्नात शिरले. त्यांच्या पुढे तोंडातून ज्वाळा फेकणारा यूनस होता. शहरातील गुलाम त्यांना येऊन मिळाले. त्या रात्री आणि त्यानंतर घडलेला संहार भयंकर होता. तान्ह्या मुलांनाही सोडले गेले नाही. हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु पुढे काय झाले, तेही पाहावयास हवे.

नाट्यगृहातील खटला

डॅमोफिलस आणि मेगॅलिस शहराजवळच्या आपल्या उद्यानात होते. त्यांना हात मागे बांधून शहरात आणण्यात आले. मात्र तेथल्या तेथे ठार न करता त्यांना शहराच्या नाट्यगृहात नेले गेले आणि गुलामांची सभा भरली. डॅमोफिलसने आपली बाजू मांडण्यास सुरुवात केली. त्याच्या बोलण्याने काही जणांची मने हलू लागली, तेव्हा हर्मिअस आणि झ्यूक्सिस या त्याच्यावर दात धरून असलेल्या दोघांनी निकालाची वाट न पाहता त्याला तलवारीने आणि कुऱ्हाडीने संपवले. मेगॅलिसला तिच्या दासींच्या हवाली करण्यात आले. त्यांनी तिचे हाल केले आणि तिला कड्यावरून लोटून दिले.

या दांपत्याला एक तरुण मुलगी होती. आईवडिलांनी चाबूक ओढल्यावर ती गुलामांच्या जखमांची काळजी घेई, कोठडीत डांबलेल्यांना धीर देई. जमावातील कोणीही तिच्या अंगाला हात लावला नाही. उलट निवडक माणसांचे पथक तयार करून तिला सुखरूप कॅटाना (आजचे कातानिया) येथील नातेवाइकांकडे पोहोचवण्यात आले. या पथकात हर्मिअसही होता. आदल्या दिवसांतील रक्तपाताला पशुत्व म्हणावे, तर मग या वागण्याला काय म्हणावे? डायोडोरसलाही हा प्रश्न टाळता आला नाही. गुलामांचे क्रौर्य हा त्यांचा स्वभाव नव्हता, तर त्यांना मिळालेल्या वागणुकीची ती परतफेड होती, अशा निष्कर्षाला तो येतो. मालकवर्गासाठी लिहिणाऱ्या इतिहासकाराने दिलेली ही कबुली महत्त्वाची आहे.

राजमुकुट, नाणी आणि न जाळलेली शेते

गुलामांच्या सभेने यूनसला राजा निवडले. तो शूर किंवा युद्धनिपुण होता म्हणून नव्हे, तर त्याच्या अद्भुत शक्तीमुळे, तसेच उठावाची सुरुवात त्याने केली म्हणून, असे डायोडोरस सांगतो. त्याने डोक्यावर राजचिन्हाची फीत बांधली, आपल्याबरोबर राहणाऱ्या सीरियन स्त्रीला राणी केले आणि 'अँटायोकस' हे नाव धारण केले. हे नाव सीरियाच्या सेल्युसिड राजांचे होते. आपल्या प्रजेला तो 'सीरियन' म्हणू लागला. पळवून आणलेल्या, नावगाव हिरावून घेतलेल्या माणसांना एका ओळखीच्या नावाखाली एकत्र आणण्याचा हा प्रयत्न होता.

त्याच्या सल्लागार मंडळात अकिअस नावाचा एक बुद्धिमान गुलाम होता. चाललेल्या अतिरेकाला त्याने राजासमोर विरोध केला आणि याची शिक्षा भोगावी लागेल, असे सुनावले. यूनसने त्याला शासन तर केले नाहीच, उलट मान दिला. तीन दिवसांत सहा हजार माणसे सज्ज झाली. कुऱ्हाडी, विळे, गोफणी, आगीत तापवून कडक केलेली लाकडी टोके आणि स्वयंपाकघरातील मांस भाजण्याच्या सळ्या, असे त्यांचे शस्त्रागार होते.

या राज्याची नाणी सापडली आहेत. ती कांस्याची, लहान आणि संख्येने मोजकीच आहेत. त्यांवर 'राजा अँटायोकस' ही अक्षरे संक्षिप्त रूपात आहेत. एका नाण्यावर धान्यदेवता डिमीटरचे मस्तक असून दुसऱ्या बाजूस धान्याचे कणीस आहे. एन्ना हे डिमीटरचे सुप्रसिद्ध क्षेत्र. तिच्या कन्येला, पर्सेफनीला पाताळाच्या राजाने याच परिसरातून पळवून नेले, अशी कथा होती. म्हणजे सीरियन देवीचा भक्त असलेल्या या राजाने नाण्यावर सिसिलीच्या मातीतील देवता घेतली. स्वतः पळवून आणलेल्या माणसांना मुलगी हरपलेल्या मातेची ही देवता आपली वाटली असेल, तर नवल नाही.

नाण्यावरील कणसाशी जुळणारा आणखी एक पुरावा डायोडोरसच्या लेखनात आहे, आणि तोच या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका आहे. बंडखोरांनी पुढचा विचार करून लहान शेतघरे जाळली नाहीत, शेतीची अवजारे मोडली नाहीत, साठवलेल्या धान्याची नासाडी केली नाही आणि शेतात काम करणाऱ्यांना त्रास दिला नाही. लुटालूट आणि जाळपोळ केली ती स्वतंत्र नागरिकांतील गरिबांनी. धनिकांवरील जुना राग काढण्यासाठी ते बंडखोरांच्या नावाखाली शिवारात घुसले. पुढच्या हंगामाची चिंता ज्याला असते, तो केवळ सूडासाठी लढत नसतो.

अर्थात या राज्याच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. एन्नातील कैद्यांपैकी ज्यांना शस्त्रे बनवता येत होती, त्यांना जिवंत ठेवून साखळदंडात कामाला जुंपण्यात आले. गुलामगिरी हीच मुळात अन्यायकारक व्यवस्था आहे, असे या बंडखोरांनी म्हटल्याचा कोठेही पुरावा नाही. त्यांनी मालकाची जागा घेतली, मालकी मोडली नाही. त्या काळातील तत्त्वज्ञांनाही जे सुचले नव्हते, त्याची अपेक्षा बेडीतून सुटलेल्या माणसांकडून करणे कितपत योग्य, हा विचारही केला पाहिजे.

रोमची नामुष्की

एन्नाची वार्ता पसरताच नैर्ऋत्य किनाऱ्यावरील अग्रिजेंटमच्या परिसरात क्लिऑन नावाच्या सिलिशियन गुलामाने दुसरे बंड उभारले. तो घोड्यांचे कळप राखणारा होता. त्याच्यामागे पाच हजार माणसे होती. आता हे दोन म्होरके आपसांत लढून मरतील, या आशेवर मालकवर्ग होता. घडले उलटेच. क्लिऑनने यूनसला राजा मानले आणि तो त्याचा सेनापती झाला.

पहिल्या उठावानंतर सुमारे महिन्याभराने रोमन अधिकारी हिप्सिअस सिसिलीतच गोळा केलेले आठ हजार सैनिक घेऊन आला. समोर वीस हजार गुलाम होते. त्यांनी त्याचा पराभव केला. त्यानंतर आणखीही काही रोमन सेनानींना हार पत्करावी लागली. बंडखोरांची संख्या डायोडोरस दोन लाख सांगतो, तर पुढच्या काळातील लॅटिन लेखक ओरोसिअस सत्तर हजारांचा आकडा देतो. दुसरा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. पूर्व किनाऱ्यावरील टॉरोमेनियम (आजचे ताओर्मिना) हे बळकट शहरही त्यांच्या हाती आले.

शहरांना वेढा घालताना हे सैन्य एक विलक्षण गोष्ट करी. तटावरील नागरिकांना दिसेल अशा रीतीने, बाणांच्या टप्प्याबाहेर, गुलाम नाटुकली सादर करीत. विषय असे त्यांनी आपापल्या मालकांविरुद्ध केलेल्या बंडाचा. मालकांचा माज आणि त्यातून ओढवलेला त्यांचा नाश ते रंगवून दाखवत. ज्यांना आयुष्यभर बोलण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपला इतिहास स्वतः सांगण्याचा केलेला हा एकमेव ज्ञात प्रयत्न. त्या नाटुकल्यांचा एकही संवाद आज शिल्लक नाही.

रोमने या बंडाला प्रारंभी गांभीर्याने घेतले नाही. स्पेनमधील नुमान्शियाचे युद्ध चिघळले होते आणि गुलामांविरुद्धच्या लढाईत कीर्तीही मिळणार नव्हती. मात्र इ.स.पू. १३४ पासून लागोपाठ तीन वर्षे राज्याचा सर्वोच्च अधिकारी असलेल्या कॉन्सललाच सिसिलीत धाडावे लागले. इ.स.पू. १३३ चा कॉन्सल कॅल्पर्निअस पिसो याने शिस्तीचा बडगा उगारला. गुलामांपुढे शस्त्रे टाकलेल्या घोडदळाच्या एका अधिकाऱ्याला त्याने मोहीम संपेपर्यंत दररोज अनवाणी पायांनी आणि फाटक्या झग्यात मुख्य छावणीसमोर उभे राहण्याची शिक्षा दिली. पिसोचे नाव कोरलेले शिशाचे गोफणगुंडे एन्नाच्या परिसरात सापडले आहेत. त्याला शहर मात्र घेता आले नाही.

दरम्यान या ठिणग्या दूरवर उडाल्या. अथेन्सच्या परिसरात हजाराहून अधिक गुलाम उठले, डिलॉसच्या बाजारातही उठाव झाला, रोममध्ये दीडशे जणांचा कट उघडकीस आला. इटलीतील मिंटर्नी येथे ४५० गुलामांना क्रूसावर चढवण्यात आले. इ.स.पू. १३३ मध्येच टायबेरिअस ग्रॅकस याने रोममध्ये जमीनवाटपाचा प्रस्ताव मांडला. गुलामांनी भरलेली शेते आणि देशोधडीला लागलेला स्वतंत्र शेतकरी यांतील धोका समजावताना त्याने सिसिलीचेच उदाहरण दिले होते. प्रस्ताव मंजूर झाला, परंतु त्याच वर्षी सिनेटरांच्या जमावाने त्याला ठार केले.

उपासमार, फितुरी आणि शेवट

इ.स.पू. १३२ चा कॉन्सल पब्लिअस रुपिलिअस याने टॉरोमेनियमची इतकी कडेकोट नाकेबंदी केली, की आतील लोकांवर माणसांचे मांस खाण्याची पाळी आली. तरीही ते शरण आले नाहीत. शेवटी सारापिऑन नावाच्या सीरियन माणसाच्या फितुरीने किल्ला पडला. पकडलेल्यांचा छळ करून त्यांना कड्यावरून फेकण्यात आले. मग एन्नाची पाळी आली. क्लिऑन तटाबाहेर पडून लढला आणि जखमांनी मेला. एन्नासारखे शहर हल्ला करून घेणे अशक्यच होते. तेही फितुरीनेच पडले.

यूनस हजारभर अंगरक्षकांसह डोंगराळ भागात पळाला. रोमन सैन्य जवळ आल्यावर या अंगरक्षकांनी एकमेकांची मस्तके उडवून मृत्यू पत्करला. यूनस एका गुहेत सापडला. त्याच्याबरोबर चौघे होते : आचारी, भटारी, स्नानाच्या वेळी अंग रगडणारा सेवक आणि मेजवानीत मनोरंजन करणारा विदूषक. त्याला मॉर्गंटिना येथे कोठडीत ठेवले गेले. तेथे अंगात उवा पडून त्याचा अंत झाला, असे डायोडोरस सांगतो.

हा शेवट वाचताना सावध राहिले पाहिजे. पळपुटा राजा, त्याचे खुशालचेंडू सोबती आणि किड्यांनी खाल्लेले शरीर, हे सारे प्राचीन लेखकांच्या लेखी अत्याचारी राजाच्या मरणाचे ठरावीक चित्र होते. डायोडोरसचा मूळ ग्रंथही या भागापुरता पूर्ण उपलब्ध नाही. नवव्या आणि दहाव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलमध्ये केलेल्या उताऱ्यांच्या रूपाने तो आपल्यापर्यंत आला आहे. शिवाय डायोडोरसने ज्याच्या आधारे लिहिले असे मानले जाते, तो तत्त्वज्ञ पोसिडोनिअस आणि यूनस हे एकाच गावचे. दोघेही अपामियाचे. एकाला रोममधील थोरामोठ्यांच्या पंक्तीत मान मिळाला, तर दुसऱ्याला सिसिलीतील मेजवानीत चेष्टेचा विषय व्हावे लागले. एक स्वतंत्र राहिला आणि दुसरा विकला गेला, एवढाच काय तो फरक. आणि दुसऱ्याची कथा आपल्याला पहिल्याच्या लेखणीतून झिरपत आलेली मिळते.

न घेतलेला धडा

रुपिलिअसने दहा आयुक्तांच्या साहाय्याने सिसिलीच्या कारभाराची नवी घडी बसवली. त्या नियमांचा उपयोग साठ वर्षांनंतर सिसेरोच्या काळातही होत होता. परंतु गुलामांची स्थिती बदलली नाही. तीसच वर्षांत, इ.स.पू. १०४ मध्ये, सिसिलीत दुसरे गुलामयुद्ध पेटले. त्याचे कारण विशेष बोधप्रद आहे. बिथिनियाच्या राजाकडे रोमने युद्धासाठी सैन्य मागितले. माझी बहुतेक प्रजा तुमच्या करवसुली करणाऱ्यांनी गुलाम म्हणून नेली आहे, असे त्याने कळवले. तेव्हा मित्रराष्ट्रांतील स्वतंत्र नागरिकांना गुलामीतून सोडवावे, असा ठराव सिनेटने केला. सिसिलीच्या सुभेदाराने चौकशी करून थोड्याच दिवसांत आठशेहून अधिक लोकांना मुक्तही केले. मग जमीनदारांनी त्याच्यावर दडपण आणले आणि त्याने बाकीच्यांना मालकांकडे परत जाण्यास फर्मावले. कायद्याने उघडलेले दार तोंडावर आपटले गेले आणि बंड झाले. ते मोडण्यास चार वर्षे लागली. अखेरीस पकडलेल्या सुमारे हजार जणांना श्वापदांशी झुंजण्यासाठी रोमला नेण्यात आले. लोकांच्या करमणुकीसाठी मरण्यापेक्षा त्यांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करले, असे सांगितले जाते. आणखी तीस वर्षांनी स्पार्टाकस आला आणि त्याच्या पराभवानंतर कापुआ ते रोम या मार्गावर सहा हजार क्रूस उभे राहिले.

दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर आज एन्नातील लोम्बार्दिया किल्ल्याजवळ बेड्या तोडणाऱ्या यूनसचा पुतळा उभा आहे. डॅमोफिलसचे नाव आज केवळ त्याच्या गुलामांमुळे माहीत आहे. पण पुतळ्यापेक्षा बोलकी आहेत ती कणसाचे चित्र असलेली लहानशी कांस्य नाणी. विजेत्यांनी लिहिलेल्या इतिहासात या माणसांना कधी जादूगार, कधी दरोडेखोर, तर कधी पशू म्हटले गेले. त्यांच्या हातची खूण म्हणून ही नाणी तेवढी उरली. त्यांवर तलवार नाही, तुटलेली बेडीही नाही. आहे ते पिकाचे कणीस. ज्या शेतांत ते राबले, त्या शेतांचे धान्य आपल्या हक्काने खावे, एवढीच त्यांची मागणी होती.